तेराव्या पिचरचा गेम : ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’मधलं पिचिंग

बेसबॉल संघाचा कारभार चालवायला देणारे गेम मुळातच मोजके. त्यांत ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’च्या जवळपास फिरकेल असा दुसरा गेम आज नाही. खेळणारे त्याला नुसतं ‘ओओटीपी’ म्हणतात. मार्कुस हाइन्झोन या जर्मन प्रोग्रामरने १९९९मध्ये पहिली आवृत्ती काढली. २०२०मध्ये ‘कॉमटूअस’ या कोरियन कंपनीने स्टुडिओ विकत घेतला, पण गेमचा स्वभाव बदलला नाही. मोसम तोंडावर आला की नवी आवृत्ती येते. एमएलबीचा (अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा) परवाना असल्यामुळे संघ, बोधचिन्हं आणि खेळाडू खरे असतात. बॅट फिरवायची नाही, चेंडू फेकायचा नाही. तुम्ही जनरल मॅनेजर, हवं तर मैदानावरचे मॅनेजरही, आणि समोर पानंच्या पानं तक्ते.

हे परीक्षण त्यातल्या पिचिंगपुरतंच, म्हणजे गोलंदाजीपुरतंच आहे, कारण गेमचं मोठेपण आणि त्याचा गबाळेपणा दोन्ही तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतात. पिचिंग म्हणजे सहा महिने चालणारा थकव्याचा हिशेब आहे, हे ओओटीपीला पक्कं कळलेलं आहे. मात्र तो हिशेब खेळणाऱ्यापुढे नीट मांडणं त्याला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. अर्धी माहिती एका पानावर, अर्धी दुसऱ्यावर, आणि जी सेटिंग सगळ्यात महत्त्वाची ती तिसऱ्याच मेनूत.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात परत गोलंदाजीला येत नाही. बुमराहला दोन षटकं देऊन थांबवलं आणि शेवटी पुन्हा आणलं, असली चैन इथे नाही. शिवाय सामने रोज. एमएलबीचा मोसम १६२ सामन्यांचा आणि दिवस साधारण १८५. आज कोणाला वापरलं याची किंमत उद्या आणि परवा चुकवावी लागते.

आता साधा हिशेब मांडू. १६२ सामने गुणिले प्रत्येकी ९ इनिंग्ज (डाव) म्हणजे १,४५८ इनिंग्ज. आजच्या काळात स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) सरासरी सव्वापाच-साडेपाच इनिंग्ज टाकतो. ५⅓ धरल्या तर स्टार्टरांच्या वाट्याला ८६४ येतात आणि ५९४ उरतात. एमएलबीच्या २६ जणांच्या संघात २०२२पासून जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात (सप्टेंबरमध्ये २८ जण आणि १४ पिचर). पाच स्टार्टर वजा जाता बुलपेनमध्ये, म्हणजे स्टार्टरनंतर उतरणाऱ्या रिलीव्हरांच्या ताफ्यात, आठ. प्रत्येकाकडून ६५ इनिंग्ज काढल्या तरी ५२० होतात. म्हणजे एकालाही दुखापत झाली नाही, एकही सामना लांबला नाही, असं धरूनसुद्धा ७४ इनिंग्ज कमी पडतात. आणि पाचही स्टार्टर ३२-३२ सामने खेळून धडधाकट राहिलेत, असा मोसम सहसा येत नाही.

नवे खेळाडू इथेच अडकतात. सगळं बजेट दोन बड्या स्टार्टरांवर आणि एका नावाजलेल्या क्लोजरवर (सामना संपवणाऱ्या रिलीव्हरवर) घालतात, मे महिन्यापर्यंत पहिल्या क्रमांकावर असतात आणि ऑगस्टमध्ये चौथ्या. गेमने फसवल्यासारखं वाटतं, पण गेम बरोबर असतो. संघात पिचर १३ असले तरी संस्थेत वापरता येण्याजोगे स्टार्टर नऊ-दहा आणि रिलीव्हर बारा-पंधरा लागतात. ते ट्रिपल-एमध्ये (एमएलबीच्या खालोखालच्या मायनर लीगमध्ये) तयार बसलेले हवेत.

आता पिचर ओळखायचा कसा ते. गेमचे तीन मूळ गुण जुनेच आहेत : स्टफ, मूव्हमेंट, कंट्रोल. स्टफवरून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ठरतात, मूव्हमेंटवरून होम रन (सीमेपार फटके), कंट्रोलवरून वॉक (चार चेंडू भरकटल्यामुळे फुकटचा बेस). अलीकडच्या आवृत्त्यांत मूव्हमेंटचे दोन भाग केलेत. एक होम रन टाळण्याचा, दुसरा मैदानात पडलेल्या चेंडूंवर हिट किती बसतात त्याचा. हा बदल चांगला आहे. पूर्वी मूव्हमेंट ६० दिसली की ती नेमकी कुठून आली ते कळत नसे. आता उंच फटके देणारा पण हिट कमी देणारा पिचर मोठ्या मैदानासाठी वेगळा काढता येतो.

गुणांची मापं बदलता येतात, पण २०-८०च (२० सर्वांत कमी, ८० सर्वांत जास्त) ठेवा. प्रत्यक्ष बेसबॉलचे स्काउट हेच माप वापरतात, त्यामुळे बाहेरचं वाचन आणि गेम एका भाषेत बोलतात. स्टार्टर होण्यासाठी तीन अटी बघायच्या. भात्यात निदान तीन प्रकारचे चेंडू हवेत आणि तिसरा ४५च्या खाली नको. स्टॅमिना ४५-५०च्या पुढे हवा. तिसरी अट बरेच जण विसरतात : डाव्या आणि उजव्या फलंदाजांविरुद्धचे गुण वेगवेगळे उघडून बघा. उजव्यांना ६५ आणि डाव्यांना ३५ असलेला उजवा पिचर सरासरीत देखणा दिसतो. मग प्रतिस्पर्धी सात डावे फलंदाज उतरवतो आणि तिसऱ्या इनिंगपर्यंत पाच धावा जातात. चेंजअप (फसवा संथ चेंडू) नसलेल्या स्टार्टरचं बहुधा हेच होतं.

ज्याच्याकडे दोनच चांगले चेंडू आहेत किंवा स्टॅमिना ३० आहे, त्याला रिलीव्हर करा. भूमिका बदलताच त्याचा स्टफ लक्षात येण्याइतका वाढतो, कारण एका इनिंगसाठी तो सगळा जोर लावतो असं गेम धरतो. म्हणून बाजारात ‘फसलेले स्टार्टर’ शोधणं हा बुलपेन उभारायचा सगळ्यात स्वस्त मार्ग. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, फास्टबॉल आणि स्लायडर ६०च्या आसपास, तिसरा चेंडू ३० : असा पिचर दुसऱ्या संघाकडून एखाद्या दुय्यम तरुणाच्या बदल्यात मिळून जातो. तेवढ्याच गुणांच्या नावाजलेल्या क्लोजरचा पगार मात्र डोळे पांढरे करतो.

रोटेशनच्या (स्टार्टरांच्या पाळीच्या) पानावर सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की स्टार्टर ठरलेल्या क्रमानेच उतरवायचे, की विश्रांती पूर्ण झालेल्यांपैकी यादीत सर्वांत वरचा निवडायचा. दुसरा पर्याय घेतला की मधल्या सुट्टीच्या दिवसांमुळे पहिल्या क्रमांकाच्या पिचरला मोसमात दोन-तीन सामने जास्त मिळतात आणि पाचवा अधूनमधून वगळला जातो. पहिला आणि पाचवा यांच्यात खूप अंतर असेल तर हेच करावं. पाचही जण सारख्या तोलाचे असतील, किंवा पहिल्याच्या पानावर दुखापतीच्या रकान्यात ‘फ्रॅजाइल’ लिहिलेलं असेल, तर क्रम सोडू नये. शंभराच्या आसपास चेंडू टाकलेल्या स्टार्टरला पुन्हा ताजं व्हायला चार ते पाच दिवस लागतात. थकवा पूर्ण न उतरता उतरवला तर तो मारही खातो आणि दुखापतीची शक्यताही वाढते.

सहा जणांचं रोटेशन? एप्रिल-मेमध्ये सलग १५-१६ दिवस सामने आले की तात्पुरतं जमतं. पण १३ची मर्यादा असल्यामुळे सहावा स्टार्टर म्हणजे बुलपेनमधला एक हात कमी, आणि त्याचा भार बाकी सातांवर पडतो. त्यापेक्षा ट्रिपल-एमधल्या एकाला त्या एका सामन्यासाठी वर आणून परत पाठवणं बरं.

ओपनरची सोयही आहे. १९ मे २०१८ला टॅम्पा बे रेजने सर्जिओ रोमो या रिलीव्हरला एंजल्सविरुद्ध पहिल्या इनिंगसाठी उतरवलं आणि ही चाल रुळली. गेममध्ये ओपनर नेमता येतो. पाचवा स्टार्टर कच्चा असेल तर त्याला प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या तीन-चार तगड्या फलंदाजांसमोर एक फेरी कमी यावं लागतं, हा फायदा खरा. तोटा असा की बुलपेनमधला एक माणूस दर पाच दिवसांनी बांधला जातो. आठपैकी निदान पाच रिलीव्हर भरवशाचे असतील तरच या फंदात पडावं.

बुलपेनच्या भूमिका हा या गेमचा गाभा, आणि तिथे गेमची स्वतःची मदत अगदीच तोकडी. क्लोजर, स्टॉपर, सेटअप, मिडल रिलीफ, लाँग रिलीफ, स्पेशालिस्ट, मॉप-अप अशी नावं समोर येतात, पण संगणक कोणाला केव्हा उचलतो हे गेम धड सांगत नाही.

क्लोजरला संगणक सेव्हसाठी राखून ठेवतो. म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची असेल तेव्हा. पण तीन धावांची आघाडी घेऊन नवव्या इनिंगमध्ये उतरणं हे काही फार अवघड काम नाही, बहुतेक रिलीव्हर ती टिकवतात. खरा सामना सातव्या-आठव्या इनिंगमध्ये, एका धावेची आघाडी आणि दोन धावपटू बेसवर असताना अडलेला असतो. तिथे संगणक स्टॉपरला बोलावतो. म्हणून सर्वोत्तम रिलीव्हर स्टॉपरच्या जागी ठेवा आणि दुसऱ्या क्रमांकाचा क्लोजर करा. यात पैशाचाही फायदा आहे. एमएलबीच्या लवाद-पद्धतीत (तरुण खेळाडूचा पगार लवादाकडून ठरवून घ्यायची पद्धत) सेव्हच्या आकड्याला भाव मिळतो. तुमचा तरुण, सर्वोत्तम रिलीव्हर सेव्ह न मिळवता उत्तम खेळत राहिला तर पुढच्या पगारवाढीचा फटका सौम्य बसतो.

एक अडचण मात्र येते. स्टॉपरला संगणक हावरटासारखा वापरतो. जुळ्या ताकदीच्या संघांशी आठवडाभर गाठ पडली की तो सातपैकी पाच दिवस मैदानात दिसतो. म्हणून सेटअपच्या जागी दोघं ठेवा, एक डावा आणि एक उजवा, म्हणजे भार विभागला जातो. सेटअपला एकटाच असेल तर स्टॉपरचे जुलैपर्यंत हाल होतात.

लाँग रिलीफला गुणांपेक्षा स्टॅमिना बघा. स्टार्टर दुसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला किंवा दुखावला की हा माणूस तीन-चार इनिंग्ज खाऊन बाकीच्यांना वाचवतो. इथे स्टॅमिना २५ असलेला रिलीव्हर ठेवलात तर एका वाईट दिवसात चार जण वापरले जातात आणि पुढचे तीन दिवस बुलपेन रिकामं. आकड्यांच्या तक्त्यात या जागेचं मोल कुठेच दिसत नाही. पण आठ जणांत सर्वांत विचारपूर्वक निवडायची जागा ही. ट्रिपल-एमधला सहाव्या क्रमांकाचा स्टार्टर इथे चपखल बसतो.

मॉप-अप म्हणजे सामना हातचा गेल्यावर (किंवा खिशात आल्यावर) येणारा. ही भूमिका रिकामी ठेवू नका. रिकामी ठेवली की सात धावांनी मागे असतानाही संगणक मिडल रिलीफवाल्यांना उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी ते हवे असताना दमलेले असतात.

स्पेशालिस्ट आजच्या लीगमध्ये जवळजवळ निकालात निघालाय. २०२०पासून उतरलेल्या पिचरने इनिंग संपली नाही तर किमान तीन फलंदाजांना सामोरं जायचं असा नियम आहे, त्यामुळे एका डाव्या फलंदाजापुरता डावा पिचर आणायची चाल संपली. मात्र १९९०च्या दशकातली लीग सुरू केली असेल तर स्पेशालिस्ट अजूनही कामाचा.

आता गेमचा सगळ्यात वैताग आणणारा भाग. मॅनेजर-ऑप्शन्स नावाचं एक वेगळं पान आहे, आणि लाइनअप, पिचिंग, बढती-बदली यांपैकी कोणतं काम तुमचं आणि कोणतं संगणकाच्या मॅनेजरचं ते तिथे ठरतं. पिचिंग संगणकाकडे असेल तर तुम्ही तासभर बसून लावलेल्या भूमिका पुढचे दोन-तीन दिवस चालवताच बदललेल्या असतात. गेम त्याची ठळक सूचनाही देत नाही. पिचिंग स्वतःकडे घेतलं तर उलटी पंचाईत : स्टॉपर जखमी झाला की त्याची जागा तशीच मोकळी राहते आणि महिनाभर एका क्लिकने पुढे पळवणाऱ्याला ते कळतही नाही. उपाय एकच. मुख्य संघाचं पिचिंग स्वतःकडे ठेवा आणि एका वेळी आठवड्यापेक्षा जास्त पुढे जाऊ नका. मायनर संघ संगणकावर सोडायला हरकत नाही, पण महिन्यातून एकदा तिथली पिचिंगची यादी उघडा. स्टार्टर म्हणून वाढवायचा एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा संगणकाने बुलपेनमध्ये बसवलेला सापडतो.

आठवड्याच्या तपासणीसाठी स्वतःचा व्ह्यू बनवा. कोणताही तक्ता आपल्या सोयीच्या रकान्यांनिशी साठवता येतो, ही ओओटीपीची फार चांगली सोय आहे. पिचिंगसाठी एवढे रकाने पुरतात : भूमिका, स्टॅमिना, गेल्या काही दिवसांत टाकलेले चेंडू, स्ट्राइकआउटचं प्रमाण, वॉकचं प्रमाण, एफआयपी (पिचरच्या कामगिरीचा आकडा, सूत्र पुढे), दुखापतीची प्रवृत्ती आणि उरलेले ऑप्शन. गेमने दिलेल्या तयार व्ह्यूमध्ये थकवा आणि ऑप्शन एकत्र दिसत नाहीत, आणि निर्णय तर नेमका या दोहोंवरच होतो.

ऑप्शन म्हणजे काय ते नवख्यांसाठी. मुख्य संघ आणि त्याचे राखीव मिळून चाळीस जणांच्या यादीतल्या खेळाडूला वेव्हरवर न टाकता (म्हणजे बाकी संघांना उचलायची संधी न देता) मायनरमध्ये पाठवायची मुभा साधारण तीन मोसम मिळते. ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत तो रिलीव्हर वर-खाली फिरवता येतो. ज्याचे संपलेत त्याला खाली पाठवायचं तर दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. आठपैकी निदान तीन जण ऑप्शनवाले असावेत. मग तेरा इनिंग्जच्या सामन्यात बुलपेन पिळून निघालं की दुसऱ्या दिवशी दोन दमलेले खाली आणि दोन ताजे वर. आठही जण मोठ्या करारांवरचे, ऑप्शन संपलेले असतील तर बुलपेन कागदावर कितीही भारी दिसू दे, ते ताठर होतं आणि लांबलचक मोसमात मोडतं. खेळाडूंचा बाजार फिरताना गुण सारखे असतील तर ऑप्शनवाला घ्यावा. गुण पाच कमी असले तरी शेवटच्या दोन जागांसाठी तोच बरा.

कोणाला काढायचं हे ईआरएवरून (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांच्या सरासरीवरून) ठरवू नका. रिलीव्हरच्या २० इनिंग्जचा ईआरए म्हणजे निव्वळ नशिबाचा भाग. एफआयपी बघा. सूत्र सोपं आहे : होम रन गुणिले १३, त्यात वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २, भागिले इनिंग्ज, अधिक साधारण ३.१०. आता एका रिलीव्हरने २० इनिंग्जमध्ये १४ धावा दिल्या, म्हणजे ईआरए ६.३०. पण होम रन २, वॉक ६, स्ट्राइकआउट २६. एफआयपी येतो २.७०. याला हात लावू नका. तेवढ्याच इनिंग्जमध्ये दुसऱ्याचा ईआरए १.८०, मात्र होम रन ३, वॉक १२, स्ट्राइकआउट १४. त्याचा एफआयपी ५.४५. याला कोणी मागत असेल तर आजच देऊन टाका. संगणकाचे संघ व्यवहारात चालू मोसमाच्या आकड्यांना किती वजन देतात हे सेटिंगमध्ये बदलता येतं. ते वजन जास्त असेल तर असल्या चमकणाऱ्या पिचरला चांगलाच भाव येतो.

स्टार्टरला केव्हा काढायचं याची पट्टी संघाच्या रणनीतीच्या पानावर आहे, आणि प्रत्येक पिचरसाठी ती स्वतंत्रही बदलता येते. संघाची पट्टी मधोमध राहू द्या आणि फेरफार माणसागणिक करा. पहिल्या क्रमांकाच्या, टिकाऊ स्टार्टरला जरा ढील, चौथ्या-पाचव्याला लवकर काढायचं. तरुण किंवा दुखापतीतून परतलेल्या पिचरवर चेंडूंची मर्यादा घाला, ८५-९०. सगळ्यांनाच लवकर काढायची पट्टी लावली की वर मांडलेला हिशेब बिघडतो. स्टार्टरची सरासरी ५⅓वरून ४⅔वर आली तर बुलपेनवर मोसमात शंभरापेक्षा जास्त इनिंग्ज चढतात.

सामना स्वतः चेंडूगणिक खेळलात तर अर्थात हे सगळं हातात येतं. तिथे रिलीव्हरला आधी वॉर्म-अप करायला लावायला विसरू नका. थंड पिचर तसाच उतरवला की पहिल्या दोन फलंदाजांतच पस्तावाल. पण १६२ सामने असे खेळणारे थोडेच. थ्रीडी चित्रणही कामचलाऊ आहे, त्यासाठी कोणी हा गेम घेऊ नये.

पिचिंगचे आकडे नुसत्या पिचरचे नसतात, हे गेम छान दाखवतो. जमिनीवरून जाणारे फटके काढून देणारा पिचर घेतला आणि शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी) बॅट चांगली म्हणून ढिला खेळाडू ठेवला तर पैसे पाण्यात. कॅचरच्या फ्रेमिंगचा (चेंडू असा झेलायचा की पंचाला तो स्ट्राइक वाटावा) स्वतंत्र गुण आहे, आणि कंट्रोल मध्यम असलेल्या पिचरांना त्याने मोठा आधार मिळतो. मैदानाचे आकडेही बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. तिथे उंच फटके देणाऱ्या पिचरला करार देणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. रॉकीज हा तिथला संघ घेऊन खेळणाऱ्याने स्टफ आणि जमिनीवरचे फटके एवढंच बघावं आणि ईआरएचा रकाना सरळ लपवून टाकावा.

दुखापतींबद्दल गेम निर्दय आहे, आणि तसाच असावा. कोपराचा लिगामेंट फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि वर्षभर किंवा जास्त सुट्टी. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ज्या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली त्याचंच नाव तिला पडलं. असा पिचर ताबडतोब ६० दिवसांच्या जखमी यादीत टाका, म्हणजे चाळीसातली जागा मोकळी होते. १५ दिवसांच्या यादीत ठेवलात तर ती अडून राहते. ‘पुढे बघू’ म्हणून हे राहून जातं आणि ट्रिपल-एमधला माणूस वर आणताना जागाच नसते.

२०२४च्या आवृत्तीत आलेली डेव्हलपमेंट लॅब हाही पिचिंगसाठी चांगला बदल आहे. मोसम संपल्यावर मोजक्या खेळाडूंना ठरावीक कार्यक्रमाला पाठवता येतं. नवा चेंडू शिकवायचा, असलेला सुधारायचा, वेग वाढवायचा. खात्री कशाचीच नाही. जागा मोजक्या, म्हणून त्या बड्या स्टार्टरवर घालवू नका. स्टॅमिना आहे, दोन चेंडू चांगले आहेत, तिसरा ३५-४०वर अडलाय, अशा बावीस-तेवीस वर्षांच्या पिचरवर लावा. तिसरा चेंडू जमला तर पाचवा स्टार्टर फुकटात मिळतो, नाही जमला तर रिलीव्हर तसाही मिळणारच होता.

प्लेऑफसाठी एकच सूचना : रोटेशनचा आकडा हाताने बदला. सुट्टीचे दिवस जास्त असल्यामुळे चार, प्रसंगी तीन स्टार्टरही पुरतात. पाचवा लाँग रिलीफला बसवा.

इतिहासाची आवड असेल तर गेमची खरी गंमत जुन्या मोसमांत आहे. १८७१पासूनचा कोणताही मोसम उघडता येतो, आणि पिचरचा वापर त्या-त्या काळाप्रमाणे बदलतो. १८७९मध्ये विल व्हाइटने सिनसिनाटीसाठी ७५ सामने सुरू केले आणि ७५ही पूर्ण केले, एकूण ६८० इनिंग्ज. १९६८मध्ये सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने ३४पैकी २८ सामने पूर्ण केले, ईआरए १.१२. त्या वर्षी पिचर इतके वरचढ ठरले की पुढच्या मोसमापासून माउंड (पिचरचा उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. १९६८चा मोसम सुरू करून त्यात २०२५सारखं आठ जणांचं बुलपेन बांधायला जाऊ नका. दहा पिचर, चार स्टार्टर, आणि चौघांनाही ढील. उरलेल्या जागा फलंदाजांना द्या. आजच्या काळातून तिकडे गेल्यावर पिचिंगचा हिशेब किती बदललाय ते आकड्यांतूनच दिसतं.

परफेक्ट टीम हा ऑनलाइन, पत्त्यांची पाकिटं फोडण्याचा प्रकार. तिथेही थकवा आणि भूमिका तशाच चालतात, पण पैसे ओतणाऱ्यांशी गाठ असते. पिचिंग शिकायला ती जागा नाही. तिथे जायचंच असेल तर निदान लाँग रिलीफला स्टॅमिना असलेला स्वस्त पत्ता ठेवा, बहुतेक प्रतिस्पर्धी ते करत नाहीत.

घ्यावा का? बेसबॉलचे नियम आधीपासून माहीत असतील, तक्त्यांचा कंटाळा नसेल, तर जरूर. नियमच नवे असतील तर आधी एक मोसम एमएलबीचे सामने बघा, नाहीतर पहिल्याच पानावर गोंधळाल. गेम इंग्रजीत आहे, विंडोज आणि मॅकवर चालतो, साधा लॅपटॉप पुरतो. प्रक्रियेचा वेग मात्र मायनर लीगच्या संख्येवर अवलंबून. जुन्या संगणकावर एमएलबी, ट्रिपल-ए आणि डबल-ए एवढंच ठेवलं तरी पिचिंगची सगळी गणितं तशीच राहतात. मार्चमध्ये पूर्ण किमतीला घ्यायची घाई नको. मोसम पुढे सरकला की स्टीमवर चांगली सवलत लागते, आणि तोवर सुरुवातीचे बगही बऱ्यापैकी दुरुस्त झालेले असतात. गेल्या वर्षीची आवृत्ती आधीच हाताशी असेल तर पिचिंगपुरता दर वर्षी खर्च करण्याइतका फरक पडत नाही. दोन वर्षांआड घेतली तरी चालते.